गंगेच्या काठाने बहिणीच्या गावाला

भाऊबीजेला बहिणीकडे कोणत्या वाहनाने जावे, याविषयी शास्त्रकारांनी काही लिहून ठेवलेले नाही. यमराज यमुनेच्या घरी गेले ते आपल्या नेहमीच्या वाहनावरूनच गेले असावेत, आणि रेडा हे काही फारसे वेगवान वाहन नव्हे. त्या मानाने सायकल बरीच पुढारलेली म्हटली पाहिजे.

माझी धाकटी बहीण बीड जिल्ह्यात गेवराईला असते. मी असतो छत्रपती संभाजीनगरात. गेली पंचवीस वर्षे मी दर भाऊबीजेला एस. टी.ने गेवराई गाठत आलो. सोलापूरच्या सडकेने निघायचे, पाचोड मागे टाकायचे, शहागडच्या पुलावर गोदावरी लागली की शेजारच्या आजीबाईंनी खिडकीतून पाण्यात नाणे टाकून हात जोडायचे, आणि त्यांनी डोळे उघडण्याच्या आत पूल संपून बीड जिल्हा सुरू व्हायचा. एवढ्या मोठ्या नदीची आणि माझी ओळख ती एवढीच. एका नाण्याची, आणि ते नाणेही दुसऱ्याचे!

२०२५ च्या दिवाळीत हा परिपाठ मोडला तो माझ्या भाचीने. ती परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकते. या वयातल्या मुलांना मामाच्या तब्येतीची फार काळजी असते. तिने फोनवर सांगितले, “मामा, यंदा पैठणहून गंगेच्या काठाकाठाने सायकलीवर या. मी पाडव्याच्या संध्याकाळी माझी सायकल घेऊन पैठणला येते. एका दिवसाचा रस्ता आहे, कुठे घाट नाही, चढ नाही. तुम्हांला सहज जमेल.” “तुम्हांला सहज जमेल” हे वाक्य पन्नाशी उलटलेल्या माणसाला कसे झोंबते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी होकार का दिला हे निराळे सांगायला नको. बहिणीने मात्र एक अट घातली. “दिवेलागणीला पाटावर बसायला पाहिजेस. उशीर केलास तर चंद्राला ओवाळून मोकळी होईन.”

गोदावरीला आमच्याकडे कोणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. तिच्या दोन्ही काठांचा काळ्याभोर मातीचा पट्टा म्हणजे गंगथडी. बीड जिल्ह्याची उत्तरेकडची सीमा बहुतेक या गंगेनेच आखलेली आहे. गेवराई, माजलगाव आणि परळी हे तिन्ही तालुके तिच्या उजव्या काठाला टेकून बसलेले. वर्तमानपत्रांत मात्र बीड जिल्ह्याचे नाव एका ठरलेल्या विशेषणाबरोबर येते: दुष्काळी. नकाशावर जिल्ह्याच्या डोक्याशी ही भली मोठी निळी रेघ, आणि खाली लिहिलेले दुष्काळी. हे कोडे मला लहानपणापासून पडत आले होते. नाणे टाकण्याएवढ्या वेळात ते सुटणारे नव्हते. सायकलीच्या वेगाने कदाचित सुटेल, असे वाटले.

पाडव्याच्या रात्री आम्ही पैठणला मुक्काम केला आणि भाऊबीजेच्या पहाटे नदीवर गेलो. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. माल गाड्यांत भरून वीस दिवस चालणाऱ्या त्या लोकांपुढे आमची एका दिवसाची सायकलफेरी म्हणजे पोरखेळच. पुढे याच घाटावर एकनाथ महाराज वावरले. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेली कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. पाणी कोणाचे, तर ज्याला तहान लागली त्याचे, असा सरळ हिशेब नाथांनी घालून दिला. हा हिशेब दिवसभर माझ्या डोक्यात राहिला.

गावाच्या वरच्या अंगाला जायकवाडीचे धरण. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याची पायाभरणी केली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ते लोकार्पण झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची ती मातीची भिंत आणि तिला सत्तावीस दरवाजे. मागे नाथसागर पसरलेला. त्यात भरून १०२ टीएमसी पाणी मावते. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. हा शब्द इकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी, आपल्या तोंडी शेर-पायली असे तसा असतो.

“मामा, जायकवाडी हे गाव कुठे आहे माहीत आहे?” भाचीने विचारले.

“इथेच असेल कुठेतरी.”

“इथे नाही, आपल्या बीड जिल्ह्यात आहे. निजामाच्या राजवटीत धरणाची पहिली आखणी झाली ती तिथे. पुढे जागा बदलली, धरण शंभर किलोमीटर वर पैठणला आले. कागदोपत्री नाव पडून गेले होते, ते तसेच राहिले.”

म्हणजे धरण पैठणला आणि नाव बीडचे! बीड जिल्ह्याच्या वाट्याला गंगेचे काय आले, याचे पहिले उत्तर सायकलीवर टांग टाकण्यापूर्वीच मिळाले.

साडेसहाच्या सुमाराला पूल ओलांडून आम्ही दक्षिण काठाला लागलो. हवेत गारवा होता. माझी सायकल काळी, उंच, बिनगिअरची, पुढच्या दांडीला पिशवी अडकवण्यासाठीच घडवलेली. भाचीची सायकल गिअरची, हलकी, तिच्यावर पिशवी अडकवण्याची काही सोयच नाही. त्यामुळे फराळाचा डबा, धपाटे, पाण्याच्या बाटल्या, पंप आणि पंक्चरचे सामान हा सगळा संसार साहजिकच माझ्याकडे आला. “तुमची सायकल मजबूत आहे,” असे वर प्रशस्तिपत्रही मिळाले.

पहिले मोठे गाव मुंगी. ‘मुंगी-पैठण’ असे जोडनाव पोथ्यापुराणांतून आपण ऐकतो, त्यातली ही मुंगी. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यातले हे गाव निंबार्काचार्यांचे जन्मस्थान असल्याची एक परंपरा आहे. दिवाळीच्या सकाळी गाव आंघोळी उरकत होते. अंगणांत शेणाच्या गवळणी मांडलेल्या, दारांत रांगोळ्या आणि त्यांच्यावरून निवांत चालत जाणाऱ्या शेळ्या. चहाच्या टपरीवर आमची चौकशी झाली. कुठून, कुठे, कशाला? बहिणीकडे भाऊबीजेला, असे सांगितल्यावर चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. “सायकलीवर निघालाय म्हणजे ओवाळणी मोठी दिसती,” एवढेच म्हणाला.

पुढचा रस्ता कधी नदीला चिकटून, कधी शेता-शिवारातून आत वळून जातो. डांबर कधी असते, कधी नसते. पण भाची खोटे बोलली नव्हती. चढ असा नाही. गंगथडीची जमीन तळहातासारखी सपाट. दुतर्फा बाभळी, मधूनच उसाचे हिरवेगार थळ, मग लगेच कपाशीचे रान. डाव्या हाताला नदी झाडांच्या फटींतून लुकलुकत राहते. पलीकडच्या तीरावर आपेगाव, ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे गाव आणि परंपरेने त्यांचे जन्मस्थान. विठ्ठलपंतांच्या घराण्याकडे तिथले कुळकर्ण होते. ती चार लेकरे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली ती याच नदीच्या काठाने पायी गेली असतील, असे मनात येऊन मी पायडल जरा हळू केले.

नदी मात्र मला वाटली होती तशी वाहताना दिसेना. पात्र भरलेले, पण पाणी उभे. भाचीने त्याचा उलगडा केला. पैठणच्या खाली गंगेवर ठिकठिकाणी उंच बंधारे घातलेले आहेत: आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी आणि पुढे असेच आणखी. पावसाळा ओसरला की त्यांची दारे लावून पाणी अडवतात. त्यामुळे ही नदी आता एका सलग धारेऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या तळ्यांची माळ झाली आहे. काठावर मोटारी बसवलेल्या, त्यांचे जाड नळ नागासारखे पाण्यात सोडलेले आणि तिथून शेतांकडे गेलेले. ज्याच्याजवळ मोटार, नळ आणि विजेचे कनेक्शन, त्याच्या शेतात ऊस. ज्याच्याजवळ हे नाही, त्याची कपाशी आभाळाकडे बघत उभी. दोन्ही शेतांपासून गंगा सारख्याच अंतरावर. काठ जवळ असणे निराळे आणि पाणी जवळ असणे निराळे, हा पहिला धडा मी त्या बांधावर शिकलो.

कपाशीकडे बघवत नव्हते. आम्ही गेलो त्याच्या आधीच्याच महिन्यात, सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्यावर आभाळ फाटले होते. इकडे पाऊस आणि वरून नाथसागराच्या दरवाजांतून सुटलेला लोंढा. नदीकाठच्या गावांतली माणसे रातोरात हलवावी लागली. २००६ च्या ऑगस्टात पैठण शहर पाण्याखाली गेले होते, त्याची आठवण जुन्या माणसांना झाली. आणि हीच ती नदी, जिच्या धरणात २०१६ च्या उन्हाळ्यात उपयोगी आणण्याजोगा साठाच उरला नव्हता! पुराचे पाणी कुठवर आले होते हे सांगायला कोणाची गरज नव्हती. बाभळीच्या फांद्यांत माणसाच्या डोक्याच्या वर पाचोळा आणि प्लास्टिक अडकून वाळले होते. कपाशीची बोंडे काळी पडली होती. काही शेतांत वरची काळी माती पार खरवडून गेलेली, काहींत हातभर वाळू येऊन बसलेली. एका शेतात शेतकरी वाळूचे ढीग करत होता. भाऊबीजेच्या दिवशी!

अकराच्या सुमाराला राक्षसभुवन आले. गेवराई तालुक्यातले हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे: शनी आणि लढाई. शनीच्या साडेतीन पीठांत याची गणना होते. मंदिर अगदी नदीवर, इतके की गंगेला मोठा पूर आला की देवाच्या आधी तीच गाभाऱ्यात जाते. साडेसातीवाल्यांची इथे रीघ असते. आम्ही तेल वाहिले. माझी साडेसाती चालू आहे की नाही हे मला नक्की माहीत नाही. पण सायकलीच्या साखळीला तेल हवे होते, म्हणून उरलेले तिकडे वाहिले. दोन्ही दैवते प्रसन्न झाली.

लढाई झाली ती १० ऑगस्ट १७६३ रोजी. पानिपताला जेमतेम अडीच वर्षे झाली होती. निजामाच्या फौजांनी त्याच साली पुणे लुटून जाळले होते. पेशवेपदावर होते अठरा वर्षांचे माधवराव, आणि बरोबर, कधी आपले कधी परके असणारे, चुलते राघोबादादा. निजामअली औरंगाबादेकडे निघाला होता. पावसाळ्यातली गंगा दुथडी भरलेली. निजाम स्वतः काही फौज घेऊन पलीकडे उतरला आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडच्या काठावर राहिला. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला, त्याची फौज कापली गेली, आणि निजामाला पलीकडच्या तीरावरून मदतीला येता आले नाही. मधे नदी होती. पुढच्याच महिन्यात औरंगाबादेस तह झाला.

घाटाच्या पायरीवर बसून धपाटे खाताना मी तो पलीकडचा काठ पाहत होतो. किती जवळ दिसतो! हाक मारली तर ऐकू जाईल. तिथे उभ्या असलेल्या निजामालाही हा काठ असाच जवळ दिसला असेल. पण गंगेने मनात आणले की जवळचे लांब होते. शाळेत आम्हांला या लढाईचे श्रेय माधवरावांच्या शौर्याला द्यायला शिकवले, आणि ते योग्यच आहे. पण निम्मे गुण गंगेला द्यायला हरकत नाही.

राक्षसभुवनाहून जवळच पांचाळेश्वर. इथले आत्मतीर्थ महानुभाव पंथाचे फार मोठे श्रद्धास्थान आहे. श्रीदत्तात्रेय रोज दुपारी भोजनाला इथे येतात, अशी भाविकांची भावना आहे. आम्हीही नेमके भोजनाच्याच वेळी पोचलो, हा योगायोग म्हणायचा. मंदिर नदीच्या पात्रात उभे आहे. मोठ्या पुरात ते चहूबाजूंनी वेढले जाते. पायऱ्यांवरचा गाळ माणसांनी धुऊन काढला होता, तरी फटींत तो दिसत होताच. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ची मला इथे आठवण झाली. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी, ज्या ज्या ओट्यावर बसले त्या स्थानांची दिशा आणि खाणाखुणा देऊन केलेली ही नोंद. प्रवासवर्णन म्हणजे काय, तर जिथे गेलो तिथे नीट पाहून, कोणत्या बाजूला काय आहे ते खरे सांगणे. मराठीत हे काम सातशे वर्षांपूर्वीच सुरू झाले आहे. आपण फक्त सायकल आणली.

पांचाळेश्वर सोडून मैल दोन मैल गेलो असू, आणि बाभळीच्या काट्याने आपले काम केले. माझे मागचे चाक बसले. सावली बघून एका वस्तीपाशी थांबलो. भाचीने चाक उतरवले. मी पंप धरला. पंक्चर काढताना मोठ्या माणसाने कुठेतरी उपयोगी असल्यासारखे दिसणे आवश्यक असते.

वस्तीपुढे एक ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या. त्यांत सामान चढत होते. पत्र्याची पेटी, गोधड्यांचे गाठोडे, पिठाचा डबा, चुलीसाठी तीन दगड, बांबू, ताडपत्री, एका टोपलीखाली चार कोंबड्या. कोयते चिंध्यांत गुंडाळून नीट बाजूला ठेवलेले. ऊसतोडीला निघालेली मंडळी. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे अशी निघतात, पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून आधीच ‘उचल’ घेतलेली असते. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. हे सगळे मी वाचलेले होते. तीन दगड ट्रॉलीत चढताना मात्र पहिल्यांदाच पाहिले.

एक पस्तिशीतली बाई कळशी घेऊन आली आणि न विचारता आमच्या बाटल्या भरल्या.

“कुठं निघालं पाव्हणं?”

“गेवराईला. बहिणीकडे. भाऊबीज आहे ना.”

“व्हय की. म्या पहाटंच ओवाळलं भावाला. चारला उठवलं त्याला. टॅक्टर थांबत न्हाई.”

मी विचारले, शेत आहे का? हात करून तिने नदीकडचा तुकडा दाखवला. दीड एकर. कपाशी होती. आता तिथे वाळू चमकत होती. मग मी शहरातल्या माणसाने विचारावा तो प्रश्न विचारला.

“इतकी गंगा दारात, आणि तुम्ही कोयत्याला जाता?”

तिने कळशी खाली ठेवली. “दारात हाय तवर बरं असतं दादा. औंदा घरात आली, म्हून चाललो. एरवी न्हाई आली म्हून जातो.”

हे ती हसत म्हणाली. यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. पंप मात्र मी जोराने मारू लागलो. भाचीने विचारले, “मुलं?” धाकटे बरोबर, थोरली आजीपाशी राहणार. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शाळांतून हंगामी वसतिगृहे चालतात. पण तेराव्या वर्षी मुलीला मागे ठेवताना आईला लागणारा घोर कोणत्या वसतिगृहात ठेवायचा? थोरली दारात उभी होती. कपाळावर सकाळच्या ओवाळणीचे कुंकू. तिच्या हातावर भाचीने फराळाचा डबा ठेवला. तशी आत जाऊन तिने तो रिकामा करून आणला आणि परत दिला, तो मोकळा नव्हे. त्यात चार मूठ भुईमुगाच्या ओल्या शेंगा होत्या. मोकळे भांडे परत करू नये, हे तिला कोणी शिकवलेले होते.

“तुमी हौसंनं चालला का सायकलीवर?” बाईने निघताना विचारले.

“होय.”

“बरं हाय,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, हेवाही नव्हता. बरे आहे ते बरे आहे, एवढाच अर्थ. ट्रॅक्टर सुरू झाला. आमच्या पुढे काही अंतर तो दिसत होता, मग वळणाआड गेला.

तिथून गेवराईची दिशा धरली की नदी सुटते. आता आम्ही तिच्याकडे पाठ करून चाललो होतो. दोघेही बराच वेळ बोललो नाही. गेवराई तालुक्यातच आम्हांला गंगेची दुसरी भेट झाली, आणि ती पहिलीपेक्षा अनोळखी. हा जायकवाडीचा उजवा कालवा. धरणाच्या दक्षिण टोकाशी निघून १३२ किलोमीटर चालत जातो आणि माजलगावच्या धरणात रिता होतो. माजलगावचे धरण सिंदफणेवरचे. म्हणजे गंगेचे पाणी माणसाने उचलून तिच्याच उपनदीला नेऊन दिले. रब्बीचे आवर्तन सुटायला अवकाश होता. तळाशी थोडे हिरवट पाणी, त्यात दोन बगळे. कालव्याच्या भरावावर सायकली टेकवून आम्ही शेंगा फोडल्या.

“ही पण गंगाच का गं?” मी विचारले.

“पाणी तेच आहे मामा. पण हिला कोणी नाणे टाकत नाही.”

मग तिने मला कालव्याची साधी मेख समजावून दिली. कालवा उताराने वाहतो. त्याच्या खालच्या अंगाला जमीन असेल तर चारीतून पाणी येते. वरच्या अंगाला असेल तर कालवा घराच्या पायरीला लागून गेला तरी घोटभर मिळत नाही. हाताच्या अंतरावर दोन शेते, एकाचा सातबारा ‘बागायत’, दुसऱ्याचा ‘जिरायत’. खाली असले म्हणजे पाणी येतेच असेही नाही. धरण भरले पाहिजे, आवर्तन वेळेवर सुटले पाहिजे, आणि वरच्या लोकांनी खालच्यांसाठी ठेवले पाहिजे. नगर-नाशिककडच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचे यावर दुष्काळाच्या वर्षी तंटे माजतात ते याचसाठी. नदी खाली वाहते हा निसर्गाचा नियम. पण तिला खाली वाहू द्यायचे की नाही, हे आता कचेऱ्यांत आणि कोर्टात ठरते.

माझे लहानपणचे कोडे आता बरेचसे सुटले होते. बीड जिल्ह्याला गंगा आहे. पण ती सीमेवर आहे. सीमेवरची गोष्ट दोघांची असते, म्हणजे पुष्कळदा कोणाचीच नसते. तिचे पाणी एकीकडे कालव्याने मोजून मिळते, दुसरीकडे मोटारीच्या जोरावर मिळते, आणि तिसऱ्या वाटेने, न मागता, रातोरात घरात येते. ज्याच्या हाती पहिल्या दोन वाटा नाहीत त्याच्या वाट्याला नेमकी तिसरी येते. त्याच गंगथडीतला ऊस तोडायला माणसे हवीत, आणि गंगथडीतली माणसे दुसऱ्यांचा ऊस तोडायला दोनशे कोस जातात. नाथांच्या कावडीचा हिशेब इतका सरळ होता. तो इतका अवघड कधी झाला?

यावर उपाय काय, असे वाचक विचारतील. तो सांगण्याचा माझा अधिकार नाही, मी सायकलवाला. पण कालव्याच्या भरावावर बसून भाची जे बोलत होती त्यात मला आशा वाटली. चाऱ्यांची दुरुस्ती, पाणीवापर संस्था, ठिबक, पूर ओसरल्यावर गाळाची माती पुन्हा शेतात कशी न्यायची, असे ती शिंपी कापड बेततो तशा सहजपणे सांगत होती. तिच्या पिढीला नदीला नुसते हात जोडून चालणार नाही, हे कळलेले आहे. शहागडच्या पुलावरून नाणे टाकणाऱ्या आजीबाईंची ही नात नव्हे. पण नाते तेच.

पाचच्या सुमाराला महामार्गावरच्या मालमोटारींचे आवाज ऐकू येऊ लागले आणि गेवराई आली. सगळे मिळून साठ-पासष्ट किलोमीटर झाले असतील. मी पाटावर वेळेत बसलो. ओवाळणीनंतर बहिणीने पायांना तेल आणून दिले. वाटेतल्या शेंगा मी तिला दिल्या. कुठल्या, म्हणून तिने विचारले. “एका बहिणीने दिल्या,” असे सांगितले, आणि मग सगळी हकीकत.

ज्यांना हा प्रवास करावासा वाटेल त्यांच्यासाठी चार शब्द. जावे ते मार्गशीर्ष-पौषात. ऊन सोसवते आणि वाटा वाळलेल्या असतात. पावसाळ्यात, आणि धरणाचे दरवाजे उघडले असताना, काठाच्या वाटेला जाऊ नये; आधी चौकशी करावी. पैठणला मुक्कामाची सोय होते. एका दिवसात मुंगी, राक्षसभुवन, पांचाळेश्वर करून गेवराई निवांत गाठता येते. मुले दहा-बारा वर्षांची असतील तर तीही येऊ शकतील. पाणी भरपूर घ्यावे, पंप विसरू नये, बाभळीवर विश्वास ठेवू नये. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी परतताना गेवराईहून बीडला यावे. १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर ते बीड आगगाडी धावू लागली आहे. ज्या आगगाडीची बीडने पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली तिच्यात बसण्याचेही एक पुण्य आहे.

आणि फराळाचा डबा थोडा मोठा घ्यावा. त्या वाटेवर दिवाळीच्या दिवसांत सामान भरलेले ट्रॅक्टर भेटतील. तो डबा रिकामा परत येत नाही.